‘नाही’ कुणीच म्हणत नाही

माणूस मेला हे कागदावर आणायला काय काय लागतं, ते माझे दाजी जाईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. बहुतेकांना ते जाणवतही नाही. दवाखान्यात माणूस गेला तर दवाखाना नोंद पाठवतो, घरी गेला तर भावकीतलं कुणीतरी ग्रामपंचायतीत जाऊन सांगतं आणि आठ-पंधरा दिवसांत दाखला मिळतो. पण पोटासाठी गाव सोडलेला माणूस परमुलखात, रस्त्यात मेला की तो कुठल्या गावचा मयत हाच प्रश्न उभा राहतो. आणि त्याचं उत्तर द्यायला कुणी बांधील नसतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. वय ३८. दोघं ऊसतोडीला जायचे. आमच्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की वस्त्या ओस पडतात. मागं राहतात म्हातारीकोतारी आणि शाळेतली पोरं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल घ्यायची, तिच्यातून आधीची देणी भागवायची, पोरांच्या वह्यापुस्तकांचं बघायचं, आणि मग चार-पाच महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहून ती फेडायची. त्या साली दाजींनी १ लाख २० हजार उचल घेतली होती.

२०२४ च्या जानेवारीत ऊसतोडीचे दर ३४ टक्क्यांनी वाढवायचा करार झाला. फडावर त्याच्याच गप्पा चालू होत्या. संक्रांत झाली, आणि पुढच्याच आठवड्यात रात्री मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टर भरताना दाजींच्या छातीत कळ आली. कोपीत आणून निजवलं. मुकादमाची जीप यायला वेळ लागला. ग्रामीण रुग्णालयात पोचले तेव्हा डॉक्टरांनी नाडी बघून सांगितलं, वाटेतच गेले. पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन या भानगडी नकोत म्हणून मुकादमानंच घाई केली. टेम्पो करून दिला आणि त्याचं भाडं आक्काच्या हिशोबात लिहून ठेवलं. रात्रभर प्रवास करून आक्का नवऱ्याला घेऊन गावी आली. दुपारी माती झाली. आमच्या भागातले एक पुढारी माळवदावरच्या माणसांना हात जोडत आले, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ‘काही लागलं तर हक्कानं सांगा’ म्हणून गेले.

लागलं ते पंधरवड्यातच. रेशनकार्डावरचं नाव कमी करायला, बँकेतले दाजींचे उरलेसुरले पैसे काढायला, पोरांच्या शाळेत, सगळीकडे एकच कागद मागत होते: मृत्यूचा दाखला. त्यात कुणीतरी सांगितलं की कर्ता माणूस गेला तर सरकार २० हजार देतं. ते खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना १९९५ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला की घरच्यांना एकरकमी मदत मिळते. ही रक्कम २०१२ साली २० हजार झाली, ती आजही तेवढीच आहे. आक्काला त्या २० हजारांची निकड होती, कारण मुकादमाचा माणूस तेराव्यालाच निरोप देऊन गेला होता: ७० हजारांच्या वर बाकी निघते, पुढच्या साली अर्धा कोयता म्हणून ये नाहीतर पैसे टाक.

मी वाळूजला एका कंपनीत ऑपरेटर आहे. सुटी घेतली की पगार कापतात. तरी हे काम मीच अंगावर घेतलं, कारण आक्काला सही करता येते पण साहेबापुढं उभं राहिलं की तिचे शब्दच संपतात.

पहिल्यांदा रुग्णालय. तिथला लिपिक म्हणाला, “पेशंट आमच्याकडं दाखल नव्हता. आणला तेव्हा मयत होता. नोंद आमच्याकडं होत नाही, जिथं मेला तिथल्या ग्रामपंचायतीत करा.” फडाच्या गावचा ग्रामसेवक म्हणाला, “आमच्या गावात माती झालेली नाही. शिवाय हे ऊसतोडे लोक, आमच्या गावचे थोडेच आहेत? तुमच्या गावात करून घ्या.” आमचा ग्रामसेवक म्हणाला, “माझ्या हद्दीत मृत्यूच झालेला नाही. उद्या चौकशी लागली तर माझी नोकरी जाईल.” तिघांनीही चहा विचारला, तिघांनीही वाईट वाटलं म्हणून सांगितलं, आणि तिघांनीही दुसऱ्याचं दार दाखवलं.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि त्यात गोंधळाला जागा नाही. मृत्यू जिथं झाला तिथंच नोंद. माती कुठं झाली, माणूस कुठला मतदार, याच्याशी नोंदीचा संबंध नाही. २१ दिवसांत कळवलं तर फुकट, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यानंतर वर्षाच्या आत असेल तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. आमचे २१ दिवस सुतकात आणि या तीन दारांत गेले. आता परवानगी लागणार होती.

परवानगीचा अर्ज घेऊन गेलो तर टेबलावरच्या बाबूनं १०० च्या बाँडवर नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र मागितलं. त्या कायद्यात सुधारणा होऊन १ ऑक्टोबर २०२३ पासून स्वतःच्या सहीचा कागद पुरतो. मी मोबाइलवर काढून दाखवलं. तो म्हणाला, “आमच्याकडं असं पत्र आलेलं नाही. बाँड आणा.” बाहेर झाडाखाली टंकलेखकाचं टेबल होतंच. बाँड, टायपिंग, नोटरी, साक्षीदारांचा चहा-नाश्ता धरून रोजगाराचे दोन दिवस गेले. संसद कायदा बदलते, राष्ट्रपतींची सही होते, आणि तो कायदा तालुक्याच्या एका टेबलापाशी येऊन थांबतो, कारण त्या टेबलाला ‘पत्र’ आलेलं नसतं. ते पत्र कुणी पाठवायचं होतं, कुणी मागवायचं होतं, हे विचारायला आपण कुणाकडं जायचं?

फडाच्या गावची मृत्यूची नोंदवही मी तिथं उभा राहून पाहिली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, प्रत्येक नावापुढं वय, कारण, खबर देणाऱ्याचं नाव. त्या गावच्या शिवारात दर हंगामात शेकड्यानं ऊसतोड मजूर उतरतात. कोप्या पडतात, बायका बाळंत होतात, साप चावतो, ट्रॉली उलटते. मी मागची काही पानं चाळली. एकही बाहेरचं नाव दिसलं नाही. कारखान्याकडं प्रत्येक गाडीच्या वजनाची पावती असते, कुठल्या गटातला ऊस, किती टन, किती किलो. तो ऊस कुणी तोडला याची ओळ कारखान्यात नसते, कारण कारखान्याचा व्यवहार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, आणि मुकादमाचा व्यवहार तोंडी. ऊसतोड कामगारांची गावात नोंद करून त्यांना ओळखपत्र द्यायचं असं सरकारनं ठरवलेलं आहे. दाजींचं ओळखपत्र कुणी काढलं नव्हतं.

काम झालं ते रुग्णालयातल्या एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यामुळं. त्या बाई नव्यानंच आल्या होत्या. त्यांनी अपघात विभागाची वही मागवली, त्या रात्रीच्या पानावर दाजींचं नाव, आणल्याची वेळ आणि ‘मृतावस्थेत आणले’ एवढं लिहिलेलं होतं. त्यांनी त्याची प्रत काढून शिक्का मारून दिली. “यात काय अवघड होतं?” असं त्या आपल्याच माणसांना विचारत होत्या. त्या प्रतीच्या जोरावर, आमच्या पोलीस पाटलांचा दाखला जोडून, मी फडाच्या ग्रामपंचायतीत लेखी अर्ज दिला आणि ग्रामसेवकाला म्हणालो, “नोंद करायची नसेल तर करू नका भाऊसाहेब, पण का करत नाही ते याच अर्जावर लिहून सही करा.” त्यांनी अर्ज दोनदा वाचला. मग म्हणाले, “परवानगी घेऊन या, करू.” इतके दिवस ‘होत नाही’ म्हणणारा माणूस लिहून द्यायची वेळ आली तेव्हा ‘करू’ म्हणाला.

पुढच्या सगळ्या प्रवासात हेच पाहिलं. तोंडानं सगळे सांगतात: उद्या या, साहेब मीटिंगला गेलेत, सर्व्हर डाऊन आहे, वरून आलेलं नाही. लेखी ‘नाही’ मात्र एकानंही दिलं नाही. लेखी नकाराला अपील असतं. राज्याचा लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ चा आहे, जन्म-मृत्यूचे दाखले त्यात येतात, उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्याचा बोर्ड ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेलाही असतो. पण ते घड्याळ सुरू होतं अर्जाची पोच मिळाल्यावर, आणि गरीब माणसाचा अर्ज शक्यतो घ्यायचाच नाही, घेतला तर पोच द्यायची नाही, अशी रीत पडली आहे. माणूस हेलपाटे घालून थकतो आणि दप्तरी त्याची कसलीच खूण राहत नाही. त्याला कुणी नाकारलं असं कधी दिसतच नाही.

मार्चच्या १६ तारखेला लोकसभेची आचारसंहिता लागली. आमच्या मतदारसंघात १३ मे ला मतदान. माणूस मेल्याची नोंद आणि आचारसंहिता यांचा काडीचा संबंध नाही, पण खुर्च्या रिकाम्या होत्या. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, सगळे इलेक्शन ड्यूटीवर. परवानगीचं पत्र आणि दाखला हातात पडेस्तोवर पावसाळा लागला.

दाखला घेऊन तहसीलला कुटुंब लाभाचा अर्ज केला आणि जुलै उजाडला. २८ जूनला लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय निघाला होता. जे पाहिलं ते सांगतो. याच तहसीलमध्ये, याच तलाठ्यांनी, याच संगणकांवर, महिन्या-दीड महिन्यात गावच्या गाव नोंदवून काढलं. अंगणवाडीच्या ताई आक्काच्या दारात येऊन फॉर्म भरून गेल्या. उत्पन्नाचा दाखला आधी लागत होता, पण आठवडाभरात पिवळं-केशरी रेशनकार्ड चालेल असं झालं. रक्षाबंधनाच्या आधी दोन महिन्यांचे ३,००० आक्काच्या खात्यावर जमा. त्या पैशाचं मला वाईट वाटत नाही, ते पोरांच्या पोटात गेले. पण मनावर घेतलं तर या यंत्रणेला दाराशी येता येतं, कागद कमी करता येतात, एका आठवड्यात नियम बदलता येतो. मग दाजींच्या २० हजारांना हे का करता आलं नाही? विधवा बायका एकगठ्ठा मतं नाहीत, एवढंच उत्तर मला सुचतं.

रांगेतल्या एका बाईनं आक्काला विचारलं, निराधारचा का नाही भरला? संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० आणि लाडक्या बहिणीचेही १,५००. एक घेतलं की दुसरं जातं. पण निराधारसाठी घरचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. लाडक्या बहिणीची मर्यादा आहे अडीच लाख. २१ हजार म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा भरत नाहीत. २०२४-२५ ला महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती २९७ रुपये. तेव्हा कायद्यानं हमी दिलेलं १०० दिवसांचं काम एखाद्या विधवेनं केलं तर तिचे २९,७०० व्हायचे आणि ती निराधार राहत नव्हती. १९७२ च्या दुष्काळात ज्या राज्यानं रोजगार हमी उभी केली आणि देशाला दाखवली, त्याच राज्यात काम केल्याबद्दल आधार जातो. म्हणून मग प्रत्येक निराधार बाईला २१ हजारांच्या आतला दाखला काढून आणायला सांगतात. तलाठ्याला खरं ठाऊक असतं, तहसीलला ठाऊक असतं, आणि खोटं बोलल्याचं ओझं मात्र सही करणाऱ्या बाईच्या डोक्यावर. उद्या कुणाचं मन बिघडलं तर चौकशी तिची होणार.

आमच्या अर्जाचं काय झालं ते ऑगस्टपासून विचारत होतो. “समितीपुढं ठेवायचाय.” “वर पाठवलाय.” “अनुदान आलेलं नाही.” तहसीलच्या फाटकापाशी एक जण बसतो, सगळे त्याला ओळखतात. त्यानं आक्काला परस्पर गाठलं आणि २० मधले ५ ठेवले तर महिन्यात काम करून देतो म्हणाला. आक्का त्याला एवढंच म्हणाली, “दादा, तुमच्या घरी कुणी मेलं तर तुम्ही देताल का?” आणि निघून आली. लाचलुचपतवाल्यांचा १०६४ नंबर त्याच फाटकाच्या खांबावर चिकटवलेला आहे.

मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. पुन्हा सगळं ठप्प. आमच्या भागातले ते पुढारी प्रचाराला वस्तीवर आले, आक्कानं त्यांना अर्जाची झेरॉक्स दिली, त्यांनी ती मागच्या माणसाकडं दिली आणि मागच्या माणसानं पिशवीत टाकली. पुढं त्याचं काही कळलं नाही. माझे मित्र म्हणतात, एखाद्या साहेबाचा फोन लाव, काम होईल. होतही असेल. पण फोनवर झालेलं काम उपकार म्हणून होतं आणि पुढच्या निवडणुकीत त्याची फेड मागितली जाते. आक्काचा हक्क होता. तो उपकार म्हणून घ्यायला माझं मन तयार झालं नाही.

निकाल लागल्यावर डिसेंबरात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. १० रुपयांचं तिकीट लावायचं, बस. मी दोनच गोष्टी मागितल्या: अर्ज आल्यापासून आजपर्यंत कुठल्या टेबलावर किती दिवस होता त्याची नोंद, आणि नस्ती, म्हणजे फाइल, समक्ष पाहायची परवानगी. सोबत दप्तर दिरंगाईच्या २००५ च्या कायद्याचा हवाला दिला. कुठल्याही कर्मचाऱ्याकडं फाइल एरवी सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, असं त्याच्या दहाव्या कलमात आहे. तहसीलमधल्या बऱ्याच जणांना हे कलम माहीत नव्हतं असं त्यांच्याच बोलण्यातून कळलं.

जानेवारीत बोलावलं. दाजींना जाऊन वर्ष होत आलं होतं. एका अव्वल कारकून बाईंनी लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा काढला, धूळ झटकली, आणि आमची नस्ती माझ्यापुढं ठेवली. सगळ्यात वर आक्काचा अर्ज, तिची वाकडी सही, तिचा फोटो. आणि अर्जाच्या डाव्या समासात पेन्सिलनं लिहिलेलं: ‘बीपीएल?’

एवढंच. खाली सही नव्हती, तारीख नव्हती. आम्हाला त्रुटीचं पत्र पाठवल्याची नोंद नव्हती, कारण पत्र पाठवलंच नव्हतं. कुणीतरी एके दिवशी अर्ज वाचला, त्याला शंका आली, त्यानं पेन्सिल उचलली आणि अर्ज गठ्ठ्यात गेला. मी बाईंना विचारलं, “हे कुणी लिहिलं?” त्यांनी अक्षर निरखून बघितलं. “ओळखू येत नाही हो. दोन जणांची बदली झाली मधे.” त्याच गठ्ठ्यात अजून बरेच अर्ज होते. वरवर पाहिले, बहुतेक बायकांचेच. दोघा-तिघांच्या समासात तसंच पेन्सिलचं काहीतरी. त्या बायकांना कुणी सांगितलं होतं का? बाई खाली बघून म्हणाल्या, “मी पंधरा दिवसांपूर्वीच या टेबलाला आलेय.” खोटं बोलत नव्हत्या. इथं प्रत्येकजण पंधरा दिवसांपूर्वीच आलेला असतो.

शंका खरी होती, तिचं उत्तरही साधं होतं. दारिद्र्यरेषेची आमच्याकडची यादी २००२ च्या सर्वेक्षणाची. तेव्हा दाजी १६ वर्षांचे. घर त्यांच्या वडिलांच्या नावावर, यादीत नाव वडिलांचं. पुढं लग्न झालं, दाजी वेगळे निघाले, रेशनकार्ड वेगळं झालं, वडील वारले. यादी तिथंच राहिली. वीस-बावीस वर्षांत कोण वर गेलं, कोण खाली आलं, कुणी नव्यानं संसार मांडला, याचं त्या यादीला काही सोयरसुतक नाही. आमच्या गावात त्या यादीत नाव असलेल्या एकाचं आज दोन मजली घर आणि पेट्रोल पंपात भागी आहे, आणि मुकादमाच्या उचलीवर जगलेला माणूस ‘यादीत नाव दिसत नाही’ म्हणून गठ्ठ्यात. ग्रामसेवकानं, मयत हा यादीतल्या अमुक क्रमांकाच्या कुटुंबप्रमुखाचा मुलगा, असा दाखला दिला, तलाठी आप्पांनी वारसांचा पंचनामा करून दिला. दोन्ही कागद दोन दिवसांत झाले. ऑगस्टात कुणी एक पत्र टाकलं असतं तर ऑगस्टातच झाले असते.

त्या बाईंनी पुढं फाइल हलवली, एवढं त्यांना श्रेय आहे. नायब तहसीलदारांपुढं स्वतः नेली. मंजुरी झाली. मग बँक. आक्काच्या खात्याचं केवायसी जुनं झालेलं, अंगठा द्यायला बोलावलं. तिची बोटं यंत्र घेईना. ऊस सोलून, पाचटानं कापून, कोयत्याच्या मुठीनं घट्टे पडून बोटांवरच्या रेषाच पुसट झाल्यात. पदरानं पुसून बघितलं, पाण्यानं धुवून बघितलं, मागच्या बाईनं पर्समधलं खोबरेल काढून दिलं. काउंटरवरचा पोरगा कंटाळून म्हणाला, “मावशी, नीट दाबा ना.” त्या बोटांनी टनावारी ऊस उचललाय रे बाबा, दाबायचं तिला कळतं. शेवटी डोळ्याच्या यंत्रानं ओळख पटवता येते हे मॅनेजरला सांगून, ते यंत्र दुसऱ्या शाखेत आहे असं कळून, तिथं जाऊन ते झालं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून आक्काचं एवढं फिरणं निभावलं.

२० हजार २०२५ च्या उन्हाळ्यात आले. त्याच आठवड्यात मुकादम दारात. पैसे आल्याचं त्याला कुणी सांगितलं असेल याचा अंदाज आम्हाला आहे. आक्कानं पैसे आधीच पोरीच्या दहावीच्या फी-पुस्तकांना आणि किराण्याच्या थकबाकीला लावले होते. तो म्हणाला, दसऱ्याला टोळी निघते, तू आणि पोरगी मिळून एक कोयता होतो.

पोरगी १५ वर्षांची आहे.

त्या रात्री मी आक्काला फोनवर म्हणालो, आता गप्प बसायचं नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं असं कर्ज अंगमेहनतीनं फेडून घेणं गुन्हा आहे, आणि त्याची दखल घेणं जिल्हाधिकाऱ्यांचं काम आहे. अर्ज मी लिहिला, सही आक्कानं केली. टोळीतल्या अजून दोन बायकांनी सह्या करायचं कबूल केलं होतं, नंतर त्यांच्या घरच्यांनी अडवलं; त्यांना मी दोष देत नाही, त्यांना त्याच मुकादमाकडून उचल घ्यायचीय. दुसरा अर्ज बालसंगोपनाचा. एकट्या आईच्या पोरांना सांभाळासाठी महिना २,२५० मिळतात, तेही आक्काला तहसीलच्या रांगेत एका बाईकडूनच कळलं, कुठल्या कार्यालयाकडून नाही. दोन पोरांचे म्हणजे साडेचार हजार. तेवढ्यात ती फडावर न जाता पोरीची दहावी निभावून नेऊ शकते.

दोन्ही अर्ज आवक-जावकच्या खिडकीत दिले. तिथला माणूस “ठेवून जा, बघतो” म्हणाला. या वेळी मी काही बोलायच्या आधीच आक्का खिडकीच्या गजाला धरून म्हणाली, “पोच द्या साहेब. तारीख टाकून द्या. आन् काही कमी असलं तर पेनानं लिवा, सही करा, मला घरी धाडा.” त्यानं वर बघितलं, शिक्का मारला, तारीख टाकली.

महिना होत आला, उत्तर नाही. सोमवारी सुटी टाकलीय. पहिल्या अपिलाचा कागद तयार आहे, आणि त्या लाल गठ्ठ्यातल्या तीन बायका आक्काबरोबर येणार आहेत, आपापल्या अर्जावर पेन्सिलनं काय लिहिलंय ते बघायला.